व्हीआर हेडसेट घेण्याआधी खोली मोजा

व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी जगात खेळायचं यंत्र, घरात आलं की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला: "केवढ्याला पडला?" लगेच दुसरा, "ह्याच्यात मोबाइल कुठं बसवायचा?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण लातूर, परभणी, जालना, कुठंही राहणाऱ्या माणसानं खरेदीच्या आधी स्वतःला तिसराच एक प्रश्न विचारावा. घरात सात फूट बाय सात फूट मोकळी, उजेडाची आणि उन्हाळ्यात फार न तापणारी जागा आहे का? असेल तर मधल्या किमतीचा हेडसेटही वर्षानुवर्षं वापरला जातो. नसेल तर महागातला महाग हेडसेट महिन्याभरात कपाटात जाऊन बसतो. हे असं का होतं ते कळायला यंत्र आतून काय करतं ते बघावं लागतं, आणि ते समजायला फार अवघड नाही.

आधी मोबाइलचं उत्तर. मोबाइल कुठंच बसवायचा नाही. २०१४ मध्ये गूगलनं पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड आणला, त्यात आपलाच फोन सरकवून बघायचं असायचं. २०२३ च्या आयपीएलच्या वेळी जिओनं १,२९९ रुपयांना आणलेला जिओडाइव्ह त्याच जातीचा. अशा डब्यात फोनला एवढंच कळतं की मान कुठल्या बाजूला वळली. तुम्ही खाली वाकलात किंवा एक पाऊल पुढं टाकलंत तर त्याला पत्ता लागत नाही. समोरचं चित्र तुमच्याबरोबर तसंच पुढं येतं. स्टँडअलोन हेडसेटला मात्र मान वळलेलीही कळते आणि माणूस वाकला, उठला, बाजूला सरकला तेही कळतं. खेळात समोरून चेंडू आला तर तुम्ही खरोखर बाजूला होऊन तो चुकवू शकता. पडदा, प्रोसेसर, बॅटरी, कॅमेरे, स्पीकर सगळं त्या अर्ध्या किलोच्या डब्यातच असतं. कॉम्प्युटर लागत नाही, टीव्ही लागत नाही, वायर लागत नाही.

कल्पना जुनी आहे. इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत डोक्यावर घालायचा पडदा तयार केला होता. तो यंत्राच्या दांड्यानं छताला टांगलेला असायचा. २०१२ मध्ये पामर लकी या तरुणानं ऑक्युलस नावाच्या हेडसेटसाठी लोकवर्गणीतून पैसे उभे केले, २०१४ मध्ये फेसबुकनं ती कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरना घेतली. तरी पुढची काही वर्षं हेडसेट म्हटलं की त्याला जाडजूड वायर आणि वायरीच्या टोकाला भारी कॉम्प्युटर असायचाच. २०१९ मध्ये फेसबुकचा (आताची मेटा कंपनी) पहिला क्वेस्ट हेडसेट आला आणि वायर सुटली. नंतर २०२० मध्ये क्वेस्ट २, २०२३ मध्ये क्वेस्ट ३, २०२४ मध्ये स्वस्तातला क्वेस्ट ३एस. पिको कंपनीचे हेडसेटही ह्याच प्रकारचे. मी पुढं जे सांगतोय ते थोड्याफार फरकानं सगळ्यांना लागू आहे.

डोळ्यांना लांब-जवळ कसं दिसतं

आपले दोन डोळे एकमेकांपासून साधारण ६३ मिलिमीटरवर असतात, म्हणून दोघांना जग किंचित वेगवेगळं दिसतं. ह्या फरकावरून मेंदू वस्तू किती लांब आहे ते ठरवतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये हेच आरशांच्या साध्या उपकरणातून दाखवून दिलं: एकाच वस्तूची दोन थोडी वेगळी चित्रं एकेका डोळ्याला दाखवली की सपाट कागदातून खोलपणा उभा राहतो. हेडसेट आजही तेच करतो. पडदा डोळ्यांपासून अगदी जवळ असतो, तेवढ्या जवळचं आपल्याला स्पष्ट दिसत नाही. म्हणून मध्ये लेन्स. लेन्समुळं चित्र एक-दोन मीटरवर असल्यासारखं भासतं. दूरचा चष्मा असणाऱ्याला हेडसेटमध्येही चष्मा लागतो तो ह्यामुळंच. नुसती चाळिशी लागलेल्या बहुतेकांचं मात्र चष्म्याशिवाय भागतं.

ह्या रचनेची एक मर्यादा आहे. खेळातली वस्तू नाकाजवळ आणलीत तर डोळे तिच्याकडं वळतात, पण फोकस मात्र त्या ठरलेल्या अंतरावरच ठेवावा लागतो. खऱ्या जगात डोळ्यांचं वळणं आणि फोकस बरोबरच बदलतं. इथं दोघांची फारकत होते, म्हणून बारीक अक्षरं किंवा जवळच्या वस्तू बराच वेळ बघितल्या की डोळे शिणतात.

लेन्स दोन प्रकारच्या असतात. क्वेस्ट २ आणि ३एस मध्ये फ्रेनेल लेन्स आहे. तिच्यावर बारीक गोल कड्या असतात, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती उजेडाचे फराटे दिसतात. क्वेस्ट ३ मधली पॅनकेक लेन्स पातळ असते, तिच्यात कडेपर्यंत बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्याला २०६४ बाय २२०८ ठिपके (पिक्सेल) मिळतात, ३एस मध्ये १८३२ बाय १९२०. कागदावर हा फरक थोडा वाटतो, प्रत्यक्षात लेन्सचा फरक ठिपक्यांच्या फरकापेक्षा जास्त जाणवतो. दोन्हीत निवड करायची असेल तर माझं मत लेन्सच्या बाजूनं आहे. बजेट नसेल तर ३एस घ्यायलाही काही हरकत नाही.

आमच्या आत्यानं पहिल्यांदा हेडसेट लावला तेव्हा मी विचारलं, "काय दिसायलंय आत्या?" ती म्हणाली, "समदं धूसर दिसायलंय रे, धुक्यात उभी केल्यावानी." यंत्रात काही बिघाड नव्हता. मागचा पट्टा तिच्या अंबाड्यावर बसला होता, त्यामुळं हेडसेट पुढून खाली घसरला होता आणि तिचे डोळे लेन्सच्या मधोमध येत नव्हते. पट्टा अंबाड्याखाली, जिथं कवटी मानेकडं वळते त्या खोलगट भागात बसवला, पुढचा डबा दोन्ही हातांनी धरून थोडा वर-खाली केला आणि तिला म्हटलं, अक्षरं स्पष्ट झाली की "थांब" म्हण. तिनं "थांब" म्हटलं आणि पुढच्याच क्षणी समोरच्या नसलेल्या टेबलावर हात टेकवायला गेली. मी तिचा दंड धरूनच उभा होतो. पहिल्यांदा लावणाऱ्या प्रत्येक माणसाजवळ कुणीतरी असंच उभं राहायला हवं.

धूसर दिसण्याचं दुसरं कारण म्हणजे दोन लेन्समधलं अंतर. क्वेस्ट ३ ला त्यासाठी चाक आहे, ते फिरवून अंतर हळूहळू कमी-जास्त करता येतं. क्वेस्ट २ आणि ३एस मध्ये लेन्स हातानं सरकवून ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागांवर बसतात. तुमच्या डोळ्यांतलं अंतर किती हे शोधायला कुठं लांब जावं लागत नाही. चष्म्याच्या दुकानात ते मोजतातच, त्याला पीडी म्हणतात. नंबर काढायला जाल तेव्हा तो आकडा लिहून घ्या.

हेडसेटला आपली जागा कशी कळते

सगळ्यात हुशारीचं काम इथं आहे, आणि आपल्या घरांमध्ये अडचणीही इथंच येतात.

हेडसेटच्या आत गती मोजणारा एक छोटा सेन्सर असतो. डोकं किती वळलं, कुठल्या दिशेला झटका बसला हे तो सेकंदाला शेकडो वेळा मोजतो. तो चपळ आहे, पण त्याच्या प्रत्येक मोजणीत केसाएवढी चूक असते आणि त्या चुका साचत जातात. एकट्या त्याच्या भरवशावर सोडलं तर काही सेकंदांत तुम्ही जागेवर उभे असतानाही खेळातलं जग सरकायला लागेल. म्हणून हेडसेटच्या बाहेरच्या अंगाला कॅमेरे असतात. ते खोलीतल्या ठळक खुणा पकडतात: खिडकीचा कोपरा, कॅलेंडरची कड, शोकेस, दाराची चौकट. डोकं हललं की त्या खुणा कॅमेऱ्यात किती सरकल्या त्यावरून हेडसेट आपली जागा ओळखतो आणि सेन्सरची साचलेली चूक पुसतो.

हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. कॅमेऱ्याला उजेड लागतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत हेडसेट नीट चालत नाही. खुणा लागतात, म्हणून चारी बाजूंनी कोरी पांढरी भिंत असलेल्या नव्या फ्लॅटमध्ये तो गडबडतो आणि कॅलेंडरं, फोटो, देवळी असलेल्या जुन्या बैठकीत मस्त चालतो. लोखंडी कपाटाला पुरुषभर उंचीचा आरसा असेल तर आरशातली खोली त्याला खरी वाटू शकते; खेळताना त्यावर चादर टाकावी.

हातातल्या कंट्रोलरची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे असतात आणि हेडसेटचे कॅमेरे ते ठिपके बघून हात कुठं आहे ते ठरवतात. आता दिवाळीत किंवा गणपतीत घरात बारीक दिव्यांच्या माळा लागल्या की काय होतं? कॅमेऱ्याला ते सगळे ठिपके कंट्रोलरचे वाटू शकतात, आणि खेळातला हात उगीच थरथरतो किंवा उडून दुसरीकडं जातो. खेळताना तेवढी माळ बंद करा. मखराजवळ तर तसंही खेळू नये.

आणखी एक बारीक गोष्ट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेतली ६० ची. ट्यूबलाइट आणि काही एलईडी बल्ब त्या तालावर लुकलुकतात, आपल्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं. क्वेस्टच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी म्हणून पर्याय आहे. संध्याकाळी ट्यूबच्या उजेडात चित्र थरथरत असेल आणि दिवसा ठीक चालत असेल तर तिथं जाऊन ५० हर्ट्झ निवडा.

आणि लाईट जाणं. हेडसेट बॅटरीवर चालतो, त्यामुळं लाईट गेल्यावर तो बंद पडत नाही. पण खोलीत अंधार होतो आणि कॅमेरे आंधळे होतात. माझा भाचा टेबल टेनिस खेळत होता, ऐन रॅलीत लाईट गेली आणि तो ओरडला, "मामा, टेबल पळालं!" त्याला तसंच दिसलं असणार, कारण हेडसेटला तो कुठं उभा आहे हेच कळेनासं झालं होतं. अशा वेळी एकच करायचं, पाय न हलवता जागेवर थांबायचं आणि हेडसेट कपाळावर सरकवायचा. घरातल्या सगळ्या पोरांना हे आधीच शिकवून ठेवावं. इन्व्हर्टरवरचा एक दिवा खेळायच्या खोलीत असेल तर फारच बरं.

गाडी लागते तसंच

खूप लोक एकदा हेडसेट लावतात, त्यांना मळमळतं, आणि "आपल्याला नाही जमत बुवा" म्हणून सोडून देतात. मला ह्याचं वाईट वाटतं, कारण बहुतेकांना चुकीचा खेळ पहिल्यांदा दाखवलेला असतो.

कन्नडच्या घाटात एसटी वळणं घेत असते तेव्हा कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण हलतोय, आणि समोरच्या सीटच्या पाठीवर खिळलेले डोळे सांगतात की काहीच हलत नाही. मेंदूला ह्या दोन साक्षी जुळवता येत नाहीत आणि गाडी लागते. व्हीआरमध्ये नेमकं उलटं होतं. डोळे सांगतात की आपण पळतोय, आणि कान सांगतो की आपण दिवाणासमोर उभे आहोत. साक्षी पुन्हा जुळत नाहीत, पुन्हा मळमळ.

म्हणून खेळ निवडताना एकच गोष्ट बघा: खेळात तुमचं शरीर हलतं ते खरोखर तुमच्या पायांनी हलतं का, की कंट्रोलरच्या काडीनं (जॉयस्टिकनं)? बीट सेबरमध्ये तुम्ही एका जागी उभे असता आणि ठोकळे तुमच्याकडं येतात. डोळे आणि कान एकमताचे राहतात. टेबल टेनिस, मिनी गोल्फ, हैदराबादच्या प्रोयुगा कंपनीचा आयबी क्रिकेट, सगळे ह्याच प्रकारात बसतात. क्रिकेट तर आपल्या माणसाला समजावून सांगावंच लागत नाही, बॅट हातात आली की तो स्टान्स घेतो. उलट काडी पुढं ढकलून पळायचे खेळ, मोटारींच्या शर्यती, आकाशात उडायचे खेळ पहिल्या आठवड्यात नकोत. पाहुण्यांना रोलर कोस्टर दाखवायची जी पद्धत पडलीय ती बंद व्हायला हवी. नव्या माणसाला दाखवायला त्याच्याइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही.

क्वेस्टच्या दुकानात प्रत्येक खेळासमोर कम्फर्टेबल, मॉडरेट, इंटेन्स अशी नोंद असते. सुरुवात पहिल्या प्रकारापासून करा. चालायच्या खेळांमध्ये टेलिपोर्ट नावाचा पर्याय असतो. जिथं जायचं तिथं बोट दाखवायचं आणि एका क्षणात तिथं पोचायचं. मधलं पळणं दिसतच नाही, त्यामुळं त्रास खूप कमी होतो. काही खेळ हलताना चित्राच्या कडा काळ्या करतात, तेही ह्याच कारणासाठी, कारण गतीचा भास नजरेच्या कडेनं जास्त होतो.

त्रासाची पहिली खूण ओळखायला शिका. जांभया येतात, कपाळावर गार घाम येतो, तोंडात लाळ जमते. त्याच क्षणी हेडसेट काढायचा. "अजून पाच मिनिटं" म्हणून रेटू नका. रेटलं की पुढच्या वेळी हेडसेट नुसता हातात घेतला तरी मळमळायला लागतं. दहा-पंधरा मिनिटं खेळून थांबत गेलात तर बऱ्याच लोकांना काही आठवड्यांत सवय होते. समोर एका बाजूला टेबल फॅन किंवा कूलर ठेवला तर दोन फायदे. गार वाटतं, आणि वारा कुठून येतोय त्यावरून खऱ्या खोलीत तुमचं तोंड कुठं आहे ते कायम कळत राहतं. खेळून झाल्या झाल्या मोटरसायकलला किक मारायची नाही. तोल पूर्ण ताळ्यावर येईपर्यंत बसा, पाणी प्या.

यंत्राकडूनही मळमळ होऊ शकते. डोकं वळल्यावर चित्र उशिरा वळलं तर मेंदूला लगेच कळतं. डोकं हलणं आणि चित्र बदलणं यात २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ जाऊ नये असं मानतात. सेकंदाला ९० चित्रं दाखवायची तर एक चित्र काढायला ११ मिलिसेकंद मिळतात, आणि तेही दोन्ही डोळ्यांसाठी. मोबाइलच्या घराण्यातला प्रोसेसर हे कसं करतो? तो युक्त्या वापरतो. मधला भाग नीट काढतो आणि कडेचा भाग ढोबळ. आणि चित्र काढून होईपर्यंत डोकं आणखी किंचित वळलं असेल तर तयार चित्र तेवढं सरकवून मग पडद्यावर टाकतो. ह्यामुळंच हेडसेटमधले खेळ प्लेस्टेशनसारखे चकचकीत दिसत नाहीत. ते तसे दिसावेत ही अपेक्षा ठेवून घेणाऱ्याची निराशा होते.

जागा, पंखा आणि गच्ची

उभं राहून, हलून खेळायला साधारण २ मीटर बाय २ मीटर मोकळी जागा लागते. खेळाच्या आधी हेडसेट ती जागा आखून घेतो. तुम्ही कडेला गेलात की खेळाच्या मध्येच जाळी दिसायला लागते. ती आखलेली रेघ आहे, भिंत नाही, हे विसरू नका. हात जोरात फेकला तर जाळी दिसेपर्यंत तो शोकेसच्या काचेवर गेलेला असतो. म्हणून रेघ प्रत्यक्ष भिंतीपासून हातभर आत आखा, आणि कंट्रोलरची दोरी मनगटात घातल्याशिवाय खेळ सुरू करू नका. रांगतं मूल, मांजर, चहाचा कप घेऊन येणारा माणूस रेघेच्या आत आला तर तो तुम्हाला दिसेलच असं नाही. दुहेरी टिचकी हेडसेटच्या बाजूला मारली की कॅमेऱ्यातून खरी खोली दिसते, ही सवय लावून घ्या. पायाखाली रबरी तळाचं छोटं पायपुसणं ठेवलं तर पायांनाच कळतं की आपण मधोमध आहोत की सरकलोय.

छताच्या पंख्याबद्दल मात्र मी फार आग्रही आहे. पत्र्याच्या खोलीत पंखा खूप खाली असतो, स्लॅबच्या घरातही उंच माणसाचा हात आणि त्यापुढं कंट्रोलर धरला तर पातं फार लांब नसतं. वरून येणारा चेंडू मारायला दोन्ही हात जोरात वर जातात, आणि तेव्हा पंखा दिसत नाही. खेळायच्या जागेवर उभं राहून, पंखा बंद असताना, हातात कंट्रोलर घेऊन हात पूर्ण वर करा. पात्याला लागत असेल तर ती जागा बाद. तिथं बसून खेळायचे खेळ खेळा.

मग गच्चीवर का नको, एवढी मोठी मोकळी जागा? दिवसा ऊन आणि रात्री अंधार, दोन्ही हेडसेटला चालत नाहीत. आणि कठड्याशी चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही. गच्चीवर हेडसेट लावूच नये.

ऊन, धूळ, तेल

लेन्स म्हणजे भिंगच. हेडसेट बाजेवर उताणा पडला आणि खिडकीतून तिरपं ऊन लेन्सवर आलं, की ते ऊन आतल्या पडद्यावर एका बिंदूत गोळा होतं आणि पडदा जळतो. ह्याला तास लागत नाहीत, थोडा वेळ पुरतो. जळालेला ठिपका कधीच जात नाही. काढून ठेवताना लेन्स कायम खाली किंवा झाकलेल्या असाव्यात, आणि पिशवीतून नेताना पिशवी बंद.

उष्णतेचा हिशोब वेगळा आहे. ह्या उपकरणांची वापराची मर्यादा साधारण ३५ अंशांपर्यंत असते. मे महिन्यात परभणी, नांदेडला पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याखालची खोली दुपारी तीनला त्याहून वाईट असते. हेडसेट स्वतःही तापतो. आत छोटा पंखा असतो, पण बाहेरची हवाच गरम असेल तर तो काय करणार? मग चित्र अडखळतं, तापल्याची सूचना येते, शेवटी बंद पडतो. त्याहून मोठं नुकसान हळूहळू होतं, बॅटरी लवकर म्हातारी होते. उन्हाळ्यात खेळ सकाळी किंवा रात्री. खेळून तापलेला हेडसेट लगेच चार्जिंगला लावू नका, गार होऊ द्या. उन्हात उभ्या गाडीत, किंवा पत्र्याला टेकलेल्या माळ्यावर ठेवू नका. फार दिवस ठेवायचाच असेल तर बॅटरी निम्मी भरलेली असावी.

बॅटरी तशीही दोन-अडीच तासच चालते. खिशातल्या पॉवर बँकेला वायर जोडून ती वाढवता येते, मात्र वायर शर्टाच्या आतून घ्या म्हणजे हातात अडकणार नाही. क्वेस्टच्या कंट्रोलरला प्रत्येकी एक पेन्सिल सेल (एए आकाराचा) लागतो. रिचार्ज होणारे चार सेल आणि त्यांचा चार्जर घेऊन ठेवलात की तो खर्च संपला.

आता तेल. आपल्याकडं डोक्याला खोबरेल लावलेलं असतं, काजळ असतं, उन्हाळ्यात घाम. हेडसेट चार जणांच्या डोक्यावरून फिरला की लेन्सवर तेलाचा पातळ थर येतो आणि सगळ्यांना वाटतं पडदाच खराब झाला. चष्म्याचं मऊ कोरडं फडकं घ्यायचं आणि मधून कडेकडं हलक्या हातानं गोल फिरवायचं. स्पिरिट नको, सॅनिटायझर नको, ओला टिश्यू नको. लेन्स प्लास्टिकच्या आहेत, वरचा थर निघून जातो. त्याआधी फुंकणीनं धूळ उडवा, नाहीतर धुळीचाच कण लेन्सवर चरा पाडेल. चष्मा घालून खेळणाऱ्यानं चष्म्याची काच लेन्सला घासत नाही ना हे आवर्जून बघावं. चेहऱ्याला टेकणाऱ्या फोमवर धुता येणारं सिलिकॉनचं कव्हर बसवलं की घामाचा प्रश्न सुटतो. आणि डोळे आलेल्या माणसाला हेडसेट द्यायचा नाही, कितीही जवळचा असला तरी. फिट येण्याचा त्रास ज्यांना आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

लहान मुलांबद्दल मेटाचा नियम दहा वर्षांच्या आतल्यांना नको असा आहे, आणि १० ते १२ वयाच्या मुलांचं खातं आई-वडिलांच्या देखरेखीखालीच उघडतं. सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांतलं अंतर त्या लेन्सशी सहसा जुळत नाही, आणि अर्धा किलो वजन त्याच्या मानेला जास्त आहे. ते रडलं तरी देऊ नका.

पैसे कुठं लागतात

हेडसेट घेतला की खर्च संपत नाही. चांगले खेळ साधारण १० ते ३० डॉलरच्या घरात असतात. गोरिला टॅगसारखे काही फुकट आहेत. क्वेस्टच्या दुकानात घेतलेला खेळ आवडला नाही तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. मळमळ होतेय का हे तपासायला ही सोय चांगली आहे. क्वेस्टला मेमरी कार्ड घालायची जागा नाही, आणि मोठे खेळ प्रत्येकी काही जीबी घेतात, तेव्हा साठवणूक घेतानाच ठरवा.

पहिल्यांदा चालू करायला वाय-फाय, फोनमधलं ॲप आणि खातं लागतंच. घरी ब्रॉडबँड नसेल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागतं, फक्त अपडेट आणि डाउनलोडला डेटा बराच जातो. एकदा उतरवून घेतलेले एकट्यानं खेळायचे बहुतेक खेळ नेट नसतानाही चालतात. हेडसेटमधलं चित्र फोनवर किंवा टीव्हीवर दाखवता येतं, ते जरूर दाखवा. नाहीतर एकजण खेळतो आणि बाकीचं घर त्याच्या पाठीकडं बघत बसतं. नव्या माणसाला काय दिसतंय हे तुम्हालाही दिसलं तर त्याला सांगणं सोपं जातं.

घरात चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा कॉम्प्युटर असेल तर हेडसेट त्याला वाय-फायवरून जोडून कॉम्प्युटरचे मोठे खेळ खेळता येतात. २०२० मध्ये आलेला हाफ-लाइफ: ॲलिक्स हा त्यातला सगळ्यात गाजलेला; तो नुसत्या हेडसेटवर चालत नाही. त्यासाठी कॉम्प्युटर राउटरला केबलनं जोडलेला हवा, हेडसेट ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर हवा आणि राउटर शक्यतो त्याच खोलीत. मध्ये दगडी भिंत आली की चित्र तुटतं.

आपल्याकडं मिळणारे काही हेडसेट आयात करणाऱ्या विक्रेत्यांकडून येतात. म्हणून वॉरंटी कोण देणार, बिघडला तर पाठवायचा कुठं, हे बिलावर लिहून घ्या. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय ना ते बघा. पिन अमेरिकन असेल तर ॲडॅप्टर लागेल.

जुना घेत असाल तर पहिला क्वेस्ट आणि ऑक्युलस गो स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका, त्यांचे अपडेट बंद झालेत. बाकी कुठलाही जुना हेडसेट दिवसाउजेडी घरात लावून बघा. पूर्ण पांढरा पडदा येईल असं एखादं पान उघडा आणि एक-एक डोळा मिटून बघा. उन्हानं जळालेले ठिपके पांढऱ्यावर लगेच दिसतात. दोन्ही कंट्रोलरच्या काड्या सोडून द्या आणि खेळातलं माणूस आपोआप सरकतंय का बघा. लेन्सवरचे चरे उजेडात तिरपे धरून तपासा. मग विकणाऱ्याला त्याचं खातं काढायला लावा, समोरच फॅक्टरी रीसेट करून घ्या, स्वतःच्या खात्यानं एकदा आत जा, आणि नंतर पैसे द्या.